रेप्टाइल मॅन वर येण्याआधी

'ड्वार्फ फोर्ट्रेस' या संगणक खेळात आपण ड्वार्फ, म्हणजे बुटक्या लोकांचा, जमिनीखालचा किल्ला चालवतो. त्यात खणताना पहिली गुहा लागली की लगेच खाली माणसं सोडू नका. मी सोडली होती. उरिस्ट नावाचा माझा सगळ्यात जुना विणकर कोळ्यांची जाळी गोळा करत एकटाच तळ्याकडे गेला आणि रेप्टाइल मॅनच्या, म्हणजे गुहेत राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यासारख्या माणसांच्या, टोळीत सापडला. त्याचं सामान उचलायला धावलेले दोघंही गेले.

एकेकटा रेप्टाइल मॅन फार भारी नसतो. हातात लाकडी भाला नाहीतर फुंकनळी, अंगावर चिलखत नाही. पण तो टोळीने फिरतो आणि आपला विणकर एकटा असतो. म्हणून सगळ्यात आधी जाळी आपोआप गोळा करण्याची आज्ञा बंद करा, आणि गुहेत पडलेल्या वस्तूंना 'फॉरबिड' लावा, म्हणजे त्या उचलायला कोणी जाणार नाही. मोजे आणायला जाऊन मेलेले ड्वार्फ मी पाहिलेत.

मग दार. गुहेकडे जाणारी वाट एकच ठेवा, तीन चौकोन रुंद, आणि तिच्यावर उचलता येणारा पूल बांधा. बांधतानाच पूल कुठल्या दिशेला उचलला जाणार ते ठरवायचं असतं. त्याच कडेला भिंत उभी राहते. मागे सरकणारा पूल निवडलात तर भिंत मिळतच नाही. पूल हलवणाऱ्या खटक्याला एक मेकॅनिझम (यंत्राचा सुटा भाग) आणि खटका पुलाला जोडायला दोन, म्हणजे तीन तयार ठेवा. खटका जेवणघरात बसवा, तिथे कोणी ना कोणी असतंच. तो ओढल्यावरही पूल हलायला थोडा वेळ लागतो, तेव्हा टोळी दारात यायची वाट पाहू नका.

पुलाच्या आतल्या बाजूला केज ट्रॅप, म्हणजे पाऊल टाकणाऱ्याला पिंजऱ्यात अडकवणारे सापळे. मी तीन रुंद, पाच ओळी, असे पंधरा लावते. एक ओळ पुरत नाही, कारण पिंजरा भरला की कोणी नवा बसवेपर्यंत तो चौकोन मोकळाच, मागचा आरामात आत येतो. लाकडी पिंजरे पुरतात.

पकडलेल्यांकडची शस्त्रं काढायला आतल्या वस्तूंना 'डंप'ची (नेऊन टाकण्याची) खूण करा, पिंजऱ्याला मात्र नाही. ही चूक फार सहज होते.

आणि कोणी खाली राहिलाच, तर प्रेतासाठी आणखी माणसं पाठवू नका. दगडी स्लॅब (स्मारकशिळा) घडवा, त्याच्या नावाने कोरून घ्या आणि किल्ल्यात उभा करा. प्रेत न पुरताही भूत शांत होतं. उरिस्टचा स्लॅब मी मागाशेजारी उभा केलाय.