तैलरंगात बर्फाळ जंगल रंगवताय? या चुका टाळा

नाशिकच्या गोदाघाटावर जलरंगात हात बसलेला चित्रकार कागद कोरा ठेवून उजेड राखतो. तीच सवय बर्फाच्या तैलचित्राला नडते, कारण तैलरंगात पांढरं राखायचं नसतं, शेवटी चढवायचं असतं.

कोऱ्या कॅनव्हासवर सुरुवात. पांढऱ्या पृष्ठभागावर बर्फाची कुठलीही छटा काळपट दिसते. म्हणून हात पांढरा वाढवत जातो आणि ऊन दाखवायची वेळ येते तेव्हा त्याहून उजळ काही उरतच नाही. आधी बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवा, फडक्याने पुसून घ्या, वाळू द्या. मग गडद झाडी, मग सावल्या, शेवटी उजेड.

बर्फ पांढरा समजणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नाशिकमध्ये बर्फ नाही, त्यामुळे काम फोटोवरून चालतं, आणि फोटोत बर्फ बहुधा राखाडी नाहीतर जास्तच निळा येतो. त्यापेक्षा सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर पांढरी चादर चुरगळून ठेवा. उन्हाची बाजू पिवळसर दिसेल. घड्यांतल्या सावल्या निळसर दिसतील, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो. सावलीसाठी टायटॅनियम व्हाइट 6 भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) 1 भाग आणि बर्न्ट सिएना अगदी किंचित. उन्हासाठी पांढऱ्यात यलो ऑकरचा (मातकट पिवळा) नुसता स्पर्श. निव्वळ पांढरा चार-पाच फटकाऱ्यांपुरताच.

आकाशही तपासा. निरभ्र दिवशी उन्हातला बर्फ आकाशापेक्षा उजळ असतो. मळभ असेल तर बहुतेकदा आकाशच उजळ. फोटो एका हवेचा आणि आकाश दुसऱ्या हवेचं, असं झालं की चित्र खोटं वाटतं आणि कारण सापडत नाही.

काळी खोडं. ट्यूबमधला काळा सपाट पडतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद रंग बनवा. मागची झाडं फिकट, निळसर, कडा मऊ. खोडाचा बुंधा रेघ ओढल्यासारखा तोडू नका, बर्फ त्यावर थोडा चढलेला दाखवा.

ओल्या पांढऱ्यावर फांद्या. गडद रंग पांढरा ओढून घेतो आणि फांदी राखाडी, जाड होते. झालंच तर वर गिरवत बसू नका. चाकूने खरवडा, थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा. टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो, पावसाळ्यात तर आठवडाही पुरत नाही. मग लांब केसांचा रिगर ब्रश घ्या, रंग शाईइतका पातळ करा आणि बुंध्याकडून टोकाकडे दाब कमी करत न्या.

तडे आणि पिवळेपणा. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरांत थोडं जास्त. उलट केलंत तर वरचा थर फाटतो. झिंक व्हाइट कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून तो खालच्या थरांत नकोच. पांढऱ्या भागात जवसाचं तेल वरून ओतू नका. अंधारात ठेवलेल्या चित्रात ते अधिक पिवळं पडतं. कपाटातून काढलेलं चित्र पिवळट दिसलं तर लगेच रंगवायला घेऊ नका. थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खोलीत काही दिवस ठेवा, बराच पिवळेपणा उतरतो.