पायथन ३.१३ वर जाण्याआधी

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मधून स्टँडर्ड लायब्ररीतली १९ जुनी मॉड्यूल्स एका फटक्यात गेली. पेप ५९४ मध्ये (पायथनमधल्या बदलांचा अधिकृत प्रस्ताव) हे आधीच ठरलं होतं, इशारेही ३.११ पासून येत होते. तुमचा सर्व्हर अजून ३.१२ वर किंवा त्याच्याही मागे असेल, तर आवृत्ती बदलण्याआधी एवढं उरकून घ्या.

सुरुवात क्रिप्टपासून, म्हणजे पासवर्ड हॅश करणाऱ्या (गुप्त संकेतात बदलणाऱ्या) मॉड्यूलपासून. बाकीचं काम कोडपुरतं आहे, हे डेटाचं आहे. लोकांचे पासवर्ड क्रिप्टने हॅश करून ठेवले असतील तर ते उलटे सोडवता येत नाहीत, त्यामुळे एका रात्रीत मायग्रेशन शक्यच नाही. ३.१२ वर असतानाच लॉगिनच्या कोडमध्ये बदल करा: जुना हॅश जुळला की तोच पासवर्ड अर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या हॅशिंगच्या पद्धतींपैकी एकीने नव्याने हॅश करून साठवायचा. जे महिनोन्‌महिने लॉगिनच करत नाहीत त्यांना शेवटी पासवर्ड रीसेट करायला लावावं लागेल. म्हणून हे काम जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

मग शोधाशोध. ‘आम्हाला तर कधी वॉर्निंग दिसली नाही’ यावर विसंबू नका. डेप्रिकेशन वॉर्निंग (‘हे पुढे काढलं जाणार’ असा इशारा) मुख्य स्क्रिप्ट सोडली तर एरवी लपवलेलीच असते. ३.१२ वर वॉर्निंगला एरर मानण्याचा पर्याय लावून सगळ्या टेस्ट चालवा. त्यातूनही फंक्शनच्या पोटात लिहिलेले इम्पोर्ट निसटतात, म्हणून ग्रेप (फाइलींमध्ये शब्द शोधणारी कमांड) माराच, आणि तो साइट-पॅकेजेसच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजेसच्या, फोल्डरवरही मारा. आपला कोड स्वच्छ असतो, घोळ दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये निघतो. ऑडिओवर काम करणारं पायडब हे नमुनेदार उदाहरण: त्याला काढून टाकलेलं ऑडिओऑप मॉड्यूल मिळालं नाही की ते पायऑडिओऑप शोधतं, आणि एरर येते ती या दुसऱ्या नावाची. माणूस भलतंच पॅकेज शोधत बसतो. खरा उपाय ऑडिओऑप-एलटीएस. ते ३.१३ च्या खाली बसत नाही, तेव्हा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्तीची अट घाला.

वेब फॉर्मचा डेटा वाचणाऱ्या सीजीआय मॉड्यूलसाठी लेगसी-सीजीआय नावाचं पॅकेज आहे. इम्पोर्टची ओळही बदलावी लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत बंदच होणार असलेल्या अ‍ॅपला ते पुरे. चालू ठेवायच्या अ‍ॅपमध्ये मात्र सीजीआयमधला फील्डस्टोरेज हा क्लास काढून फाइल अपलोडसाठी मल्टीपार्ट हे पॅकेज वापरा. अशी पर्यायी पॅकेजेस घेताना नाव अक्षर न अक्षर तपासा, मिळत्याजुळत्या नावाने काहीही टाकलेलं असू शकतं.

चित्राच्या फाइलचा प्रकार ओळखणारं इमेजएचडीआर वरवर किरकोळ वाटतं, पण एक खाच आहे. ते फोटोसाठी ‘जेपेग’ असं उत्तर द्यायचं, त्याच्या जागी घेतलेली फाइलटाइप लायब्ररी एक्स्टेन्शन म्हणून ‘जेपीजी’ देते. कोडमध्ये कुठे जुन्या शब्दाशी तुलना असेल तर एरर न येता फोटो गुपचूप नाकारले जातील. तुलनेच्या ओळीही शोधा.

पाइप्समधलं फक्त क्वोट (शेल कमांडसाठी मजकूर अवतरणात ठेवणारं फंक्शन) वापरत असाल तर शलेक्स मॉड्यूलमधलं क्वोट घ्या, मिनिटाचं काम. दूरच्या उपकरणाशी टेलनेटने जोडणाऱ्या टेलनेटलिबच्या जागी टेलनेटलिब३ घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते मुळात असिंकआयओवर (पायथनच्या असिंक्रोनस पद्धतीवर) चालतं, नुसतं नाव बदलून भागेलच असं नाही. आणि समोरच्या नेटवर्क स्विचला एसएसएच (सुरक्षित जोडणी) येत असेल तर टेलनेटचा हट्ट कशाला?

३.११ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून येत असाल तर डिस्टयुटिल्स, असिंकोर आणि इम्प ही मॉड्यूल्स ३.१२ मध्येच गेलीत, तेही पाहा. शिवाय ३.१२ पासून नव्या व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टच्या स्वतंत्र पायथन वातावरणात) सेटअपटूल्स हे पॅकेज बांधण्याचं साधन आपोआप येत नाही. बिल्ड स्क्रिप्ट तिथेच अडखळते.

हे झालं की सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) ३.१२ आणि ३.१३ दोन्ही लावा आणि एखादी रिलीज दोन्हींवर हिरवी जाऊ द्या. ३.१२ ला सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा क्रिप्टचे जुने हॅश शिल्लक असतील तर सर्व्हर खुशाल तिथेच थांबवा.