जुन्या पत्रांचा फोटो काढताना खाली काळा कागद ठेवा

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या घरांत यादवी युद्धाच्या काळातली (१८६१–६५) पत्रं अजून निघतात. माझ्या सासरी, जॉर्जियात, ती घरच्या बायबलमध्येच खोचलेली होती. तेव्हा कागदाची टंचाई, त्यामुळे पातळ पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं. फोटो काढला की मागची शाई पुढे दिसते आणि धड काही लागत नाही.

१. पानाखाली काळा कार्डपेपर सरकवा. मागची अक्षरं बरीच दबतात.
२. फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड पुरतो.
३. काहींनी पान भरल्यावर ते आडवं फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा लिहिलंय (काटकसर म्हणावी तर अशी!). असा फोटो ९० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा वाचा. नजर एका दिशेला सरावली की आडव्या ओळी फारशा आड येत नाहीत.
४. पेन्सिल पुसट असेल तर टॉर्च बाजूने, कागदालगत तिरकी धरा.

मध्ये वाळलेलं फूल असलं तर ते वेगळ्या पाकिटात घाला, कागदाला डाग पडतात.

घडीवर फाटलेलं पत्र सेलोटेपने चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, मग निघता निघत नाही.