सिरियल लिंकवर पीपीपी: आधी गगनबावडा, मग कोल्हापूर

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी बरीच वर्षं काढली. मुख्य कार्यालयातून शाखांना लीज्ड लाइन (टेलिफोनवाल्यांकडून भाड्याने घेतलेल्या कायमच्या लाइन) गेलेल्या, प्रत्येक टोकाला एक राउटर, आणि शाखेत त्या राउटरजवळ कोण, तर शिपाईमामा. त्यामुळे मला कमांड टाइप करण्यापेक्षा फोनवर सांगायचीच सवय जास्त. खालच्या कमांडही मी बोलते तशाच लिहिल्या आहेत. राउटरला अर्थातच इंग्रजी स्पेलिंग लागतं.

शाखांना आता फायबर आलं, सिरियल लिंका फारशा उरल्या नाहीत. पण पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मुलं अजून सिरियल लिंकवर पीपीपी (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, एका तारेच्या दोन टोकांनी आपसांत बोलायची भाषा) लावायचं प्रॅक्टिकल करतात आणि नेमक्या त्याच जागी अडकतात जिथे मी अडकले होते. शिवाय पीपीपी शिकलेलं वाया जात नाही. घरच्या ब्रॉडबँडला युजरनेम-पासवर्ड मागणारं पीपीपीओई हे त्याचंच भावंड.

उदाहरणाला दोन सिस्को १८४१ घेऊ, दोन्हींत सिरियल कार्ड. एकाचं नाव कोल्हापूर, दुसऱ्याचं गगनबावडा. नुसतं ‘बावडा’ नाव देऊ नका. आमच्याकडे कसबा बावडा शहरातच आहे, आणि मी एकदा पावसाळ्यातल्या घाटावरच्या शाखेसाठीचा बदल निवांतपणे कसबा बावड्याच्या राउटरवर करून ठेवला होता. कमांड देण्याआधी प्रॉम्प्टवरचं नाव वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

एन्कॅप्सुलेशन म्हणजे आयपी पॅकेट तारेवर सोडण्याआधी राउटर त्याच्या मागेपुढे जे बाइट लावतो ते. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर काहीच सांगितलं नाही तर एचडीएलसी असतं. नाव आयएसओच्या मानकाचं, पण सिस्कोने त्यात आत कुठला प्रोटोकॉल आहे हे सांगणारा स्वतःचा टाइप रकाना घातलाय. म्हणून दोन्हीकडे सिस्को असेल तर ते बिनतक्रार चालतं आणि एका टोकाला दुसऱ्या कंपनीचा राउटर आला की बहुधा अडतं. पीपीपी सगळ्यांसाठी खुलं आहे. त्याचं मुख्य मानक आरएफसी १६६१, जुलै १९९४ चं.

दोन्हींची फ्रेम एकाच खुणेने सुरू होते, ०११११११० या आठ बिटांनी, म्हणजे हेक्समध्ये ७ई. त्यानंतरच्या बाइटला वाटा फुटतात. सिस्को एचडीएलसीत साधारणपणे ०एफ येतो, पीपीपीत एफएफ आणि मग ०३. एका टोकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असेल तर तारेवर सिग्नल येतो, क्लॉक (बिट कधी वाचायचे ते सांगणारा ठोका) येतं, मॉडेमचे दिवे हिरवे, पण आलेली फ्रेम राउटरला वाचता येत नाही. पडद्यावर दिसतं: ‘सिरियल ०/०/० इज अप, लाइन प्रोटोकॉल इज डाउन’. पहिला अप तारेचा, दुसरा डाउन भाषेचा.

आधी तार बघा. टेबलावर दोन राउटर व्ही.३५ केबलने थेट जोडले असतील तर एक टोक डीसीई असतं आणि क्लॉक त्यानेच द्यायचं. कुठलं टोक ते केबल उलटीपालटी करून शोधू नका, विचारा:

शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/०

डीसीई दिसलं त्या राउटरच्या इंटरफेसखाली ‘क्लॉक रेट ६४०००’. दुसऱ्या टोकाला ही कमांड दिलीत तर राउटर स्वतःच नाकारतो. खऱ्या लीज्ड लाइनवर हा प्रश्न येत नाही, क्लॉक मॉडेम देतं आणि दोन्ही राउटर डीटीई, म्हणजे क्लॉक घेणारे, असतात.

मग पत्ते. दोनच टोकं असल्याने /३०, म्हणजे दोनच वापरता येणारे पत्ते असलेलं जाळं, पुरतं:

इंटरफेस सिरियल ०/०/०
आयपी अॅड्रेस १०.१०.१०.२ २५५.२५५.२५५.२५२
बँडविड्थ ६४
नो शटडाउन

हे गगनबावड्याचं. कोल्हापूरला शेवटी १. बँडविड्थने वेग बदलत नाही, ती फक्त राउटिंगला दिलेली माहिती आहे. न दिल्यास राउटर १५४४ केबीपीएस धरून चालतो, आणि ओएसपीएफ (कमी कॉस्टचा रस्ता निवडणारा राउटिंग प्रोटोकॉल) वापरत असाल तर ६४ च्या लाइनची कॉस्ट १५६२ यायची ती ६४ येते. मग बॅकअपची बारीक लाइन मुख्य रस्ता होऊन बसते.

आता पीपीपी. टेबलावर दोन्ही राउटर समोर असतील तर कुठलंही टोक आधी करा. पण तुम्ही कोल्हापुरात बसला आहात, गगनबावड्याच्या राउटरवर टेलनेटने (दुरून कमांड द्यायच्या सोयीने) शिरला आहात, आणि तो टेलनेट जातोय त्याच सिरियल लिंकवरून. म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची आहे, फक्त कुठल्या बाजूने तोडायची ते आपल्या हातात आहे.

गगनबावड्यात पहिल्यांदा चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि लगेच:

रीलोड इन १०

म्हणजे दहा मिनिटांत मी काही बोलले नाही तर राउटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनने उठेल. त्यानंतर:

इंटरफेस सिरियल ०/०/०
एन्कॅप्सुलेशन पीपीपी

एंटर मारताच टेलनेटची खिडकी गोठते. घाबरायचं नाही, तसंच व्हायला हवं. आता स्वतःच्या कोल्हापूरच्या राउटरवर तीच कमांड द्या. काही सेकंदांत लाइन प्रोटोकॉल वर येतो. क्रम उलटा झाला, जवळचं टोक आधी बदललं, तर लिंक पडते आणि पलीकडे जायचा रस्ताच राहत नाही. तेवढ्यावर आभाळ कोसळत नाही, आपल्या टोकाला पुन्हा ‘एन्कॅप्सुलेशन एचडीएलसी’ दिलं की झालं. पण खिडकीवर पासबुकं घेऊन लोक उभे असतात.

‘शो इंटरफेसेस सिरियल ०/०/०’ मध्ये तीन गोष्टी वाचा: एन्कॅप्सुलेशन पीपीपी, एलसीपी ओपन, आणि ओपनच्या यादीत आयपीसीपी. एलसीपी म्हणजे दोन्ही टोकांनी लिंकच्या अटी ठरवल्या, आयपीसीपी म्हणजे त्यावरून आयपी चालवायचं ठरलं. मग पिंग, म्हणजे पलीकडच्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणं. पिंग चालला म्हणून पत्ते बरोबर असं मात्र समजू नका. पीपीपी पलीकडच्या पत्त्याचा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा रस्ता) स्वतःच टाकतं, त्यामुळे एका मुलाने १०.१०.१० ऐवजी १०.१०.२० टाइप केलं होतं तरी त्याचा पिंग झकास चालत होता आणि बाकीचं काहीच चालत नव्हतं. ‘शो आयपी रूट’ बघितल्यावर उलगडलं. आणखी एक गंमत: सिरियलच्या आपल्याच पत्त्याला पिंग केलं तरी पॅकेट पलीकडे जाऊन परत येतं. लिंक पडली की स्वतःचाही पिंग बंद होतो, त्याने गोंधळू नका.

सगळं ठीक असेल तर गगनबावड्यात ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग सेव्ह. इथे थांबा. चहा घ्या. चॅप, म्हणजे पासवर्डने समोरच्या राउटरची ओळख पटवणं, लावायचं काम वेगळं आहे आणि ते याच दमात करायचं नाही.

मी केलं होतं. जुलै महिना होता. कोल्हापूरला रिपरिप म्हणजे गगनबावड्याला धो धो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पीपीपी आणि चॅप दोन्हींच्या ओळी नोटपॅडमध्ये तयार केल्या, शाखेच्या राउटरवर एकदम पेस्ट केल्या, कोल्हापूरला हाताने टाइप केल्या. लिंक वर येईना. ‘रीलोड इन’ दिलेलं नव्हतं, आणि वर अंगात शहाणपण असं की पेस्टच्या शेवटच्या ओळीत सेव्हची कमांडही होती. म्हणजे राउटर बंद-चालू करूनही उपयोग नाही. मामांचा फोन आला, “मॅडम, पासबुकं थांबल्यात, माणसं वराडाय लागल्यात.” लॅपटॉप थेट राउटरला जोडायची कन्सोल केबल पिशवीत घालून मी एसटी पकडली. शाखेत पोचले तेव्हा लॅपटॉप कोरडा होता, मी नव्हते. युजरनेमची ओळ पुन्हा हाताने टाइप केली आणि लिंक उभी राहिली.

कारण रात्री सापडलं. पासवर्ड समजा ‘रंकाळा’ होता (तुम्ही असला ठेवू नका), इंग्रजीत सात अक्षरं. राउटरवर सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन चालू असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये टाइप ७ चा गिचमिड मजकूर दिसतो: सुरुवातीचे दोन अंक आणि पुढे प्रत्येक अक्षराला दोन. म्हणजे सात अक्षरांचे सोळा व्हायला हवेत. शाखेच्या जुन्या प्रतीत अठरा होते. नोटपॅडमधून पासवर्डच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली होती, आणि राउटरच्या लेखी ती पासवर्डचाच भाग. याचा अर्थ कोल्हापुरात बसल्या जागी मीही माझ्या पासवर्डच्या शेवटी एकदा स्पेसबार दाबला असता तर लिंक तिथूनच वर आली असती. एसटीचं तिकीट मी बरेच दिवस पाकिटात ठेवलं होतं.

तर चॅप असं लावा. दोन्ही राउटरवर आधी फक्त युजरनेम टाका. इथे बहुतेक मुलं स्वतःचंच नाव घालतात. घालायचं असतं समोरच्याचं. कोल्हापूरवर:

युजरनेम गगनबावडा पासवर्ड (ठरलेला शब्द)

गगनबावड्यावर:

युजरनेम कोल्हापूर पासवर्ड (तोच शब्द)

नाव पलीकडच्या होस्टनेमशी तंतोतंत जुळायला हवं. मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं, म्हणून मी होस्टनेम सगळं छोट्या अक्षरांत ठेवते. ‘पासवर्ड’च्या जागी ‘सीक्रेट’ वापरू नका. सीक्रेटमध्ये मूळ शब्द राउटरकडे राहत नाही, नुसता हॅश (ज्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही असा ठसा) राहतो, आणि चॅपला मूळ शब्द लागतो: समोरून आलेलं चॅलेंज, त्याचा क्रमांक आणि हा शब्द यांचा एमडी५ हॅश काढून तो परत पाठवायचा असतो. शब्द स्वतः तारेवरून कधीच जात नाही. ओळख पटवायची दुसरी पद्धत पॅप, तिच्यात तो उघडा जातो, म्हणून पलीकडचा राउटर चॅप जाणतच नसेल तरच पॅप.

आणि आता क्रम उलटा. पीपीपीला लांबचं टोक आधी होतं, चॅपला जवळचं आधी. कोल्हापूरच्या सिरियलवर:

पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप
शटडाउन
नो शटडाउन

शटडाउन आपल्याच टोकाला द्यायचं. पलीकडे दिलं तर पुन्हा एसटी. लिंक वर आली तर समजा की कोल्हापूरने प्रश्न विचारला आणि गगनबावड्याने बरोबर उत्तर दिलं. उत्तर देताना त्याने स्वतःकडची ‘कोल्हापूर’ ही नोंद वापरली, तपासताना कोल्हापूरने ‘गगनबावडा’ ही नोंद वापरली. म्हणजे दोन्हीकडची नावं आणि शब्द एकाच फटक्यात तपासून झाले. पलीकडच्या टोकाला तपासणी लावायला आता भीती नाही. वर आली नाही तर ‘नो पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप’ देऊन स्वतःच्याच हाताने मागे या. युजरनेम चुकलेलं असो की शब्द, गगनबावड्याच्या राउटरने अजून काहीच मागितलेलं नाही, त्यामुळे तो तुम्हाला अडवत नाही.

अडलंच तर कोल्हापूरला ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावा, टेलनेटवर असाल तर आधी ‘टर्मिनल मॉनिटर’. ओळींत ‘ओ’ म्हणजे आपण पाठवलेलं, ‘आय’ म्हणजे आलेलं. ओ चॅलेंज, आय रिस्पॉन्स, ओ सक्सेस असं दिसलं तर झालं. सक्सेसच्या जागी फेल्युअर आलं तर नाव किंवा शब्द. चॅलेंजच दिसत नसेल तर भांडण त्याच्या आधीचं आहे, एन्कॅप्सुलेशनकडे परत जा. बघून झालं की ‘अनडीबग ऑल’.

लाइन ‘अप’ असून ‘लूप्ड’ दिसली तर राउटरला हात लावू नका. टेलिफोनवाल्यांनी चाचणीसाठी लूप टाकलेला असतो आणि तो काढायचा राहिलेला असतो, त्यांना फोन करा.

शेवटी गगनबावड्यात शिरून, पुन्हा ‘रीलोड इन १०’ देऊन, तिथेही ‘पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप’. आपल्या टोकाला एकदा शटडाउन, नो शटडाउन. लिंक आली की ‘रीलोड कॅन्सल’, मग दोन्हीकडे सेव्ह. हा कॅन्सल मी एकदा विसरले. सगळं चालू झालं, सेव्ह केलं, डबा उघडला. दहाव्या मिनिटाला मामांचा फोन: “मॅडम, काय केलासा? हिरवा दिवा गेला की!”