रसायन कारखान्याची नाजूक माहिती कशी जपावी

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव... कोकणात रसायनांचे कारखाने वाड्यांना लागूनच आहेत. त्यामुळे कपाटाला कुलूप लावण्याआधी कागदांचे दोन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा गावाचा. साठ्यात कोणतं रसायन आहे, गळती झाली तर भोंगा कसा वाजेल, वाऱ्याला आडवं कुठल्या रस्त्याने निघायचं. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात कलम 41-ब आलं आणि आसपासच्या लोकांना धोका सांगणं कारखान्यावर बंधनकारक झालं. ‘सुरक्षेचं कारण’ पुढे करून ही माहिती कधीही दडवू नका. तो शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरा गठ्ठा कुलपातला. कुंपण कुठे तुटलंय, कोणता कॅमेरा बंद आहे, वॉचमनची पाळी कधी बदलते, कंट्रोल रूमचे पासवर्ड, सुरक्षा तपासणीचे अहवाल. आपत्कालीन आराखड्यात दोन्ही प्रकारचं मिसळलेलं असतं. तेव्हा अख्खा आराखडा दाबू नका, नाजूक पानं तेवढी वेगळी काढा.

त्या पानांवर ठळक शिक्का मारा. अमेरिकेत 2007 पासून रसायन कारखान्यांच्या सुरक्षेचा एक कार्यक्रम होता. त्यात अशा कागदाच्या पानापानावर खूण असे आणि कामापुरती गरज असेल त्यालाच तो वाचायला मिळे. 28 जुलै 2023 ला त्यामागच्या कायद्याची मुदत संपली, पण रीत उचलण्यासारखी आहे. कागद कोणी, कधी नेला आणि परत दिला, याचं रजिस्टर ठेवा.

कपाट तळमजल्यावर नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती दप्तरं चिखलात गेली ते आपण पाहिलंय.

रद्दीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. एकदा एसटी स्टँडवर मला भजी बांधून मिळाली ती एका कारखान्याच्या गेटवरच्या नोंदवहीच्या पानात. कुठला टँकर, किती वाजता, आत काय, सगळं वाचता येत होतं! जुने कागद बारीक फाडूनच बाहेर जाऊ द्या. बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याला फाइल पाठवून प्रिंट काढू नका, ती त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते.

मोबाईलचंही तेच. शिफ्टच्या ग्रुपवर टाकलेल्या वाढदिवसाच्या फोटोत मागचा पॅनेल दिसतो, आणि काम सोडून गेलेली माणसं महिनोन्‌महिने त्याच ग्रुपवर असतात. माणूस गेला त्याच दिवशी पास परत घ्या, ग्रुपमधून काढा, पासवर्ड बदला. कंत्राटी कामगारांनाही हेच लागू.

गणपतीत आणि शिमग्यात निम्मा स्टाफ रजेवर जातो आणि किल्ल्या ‘दोन दिवस सांभाळ रे’ म्हणत हातोहात फिरतात. किल्ली कोणाकडे आहे ते लिहून, सही घेऊनच द्या.

माहिती फुटलीच, तर सेफ्टी ऑफिसरला लगेच सांगा आणि सांगणाऱ्यावर डाफरू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. ज्या पाळ्या, जे पासवर्ड बाहेर गेले ते त्याच दिवशी बदला.

आणि आपत्कालीन आराखड्याचा एक सीलबंद संच अग्निशमन केंद्रात आधीच पोचवा. बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे जवानांना आग लागल्यावर गेटवर उभं राहून विचारावं लागू नये.