डॉ. जेरुशा झिराड यांचा स्मृतिकार्यक्रम सीमाभागातील गावात कसा करावा

स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (1890–1984) यांचे स्मरण आपल्या भागात करायचे तर त्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील शिवमोग्गा येथे झाला, शालेय शिक्षण पुण्यात झाले, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले आणि कोकणातून आलेल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील त्यांचे घराणे अलिबागजवळच्या झिराड गावाचे नाव लावत असे. बेळगाव, निपाणी किंवा खानापूरच्या श्रोत्यांना हा प्रवास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मात्र या तपशिलाचा उपयोग करून सभेला सीमाप्रश्नाच्या भाषणांचे वळण लागू देऊ नये. वक्त्यांना तसे आधीच सांगावे, आणि निमंत्रणपत्रिका व फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढावेत.

तारीख म्हणून 11 एप्रिल, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन, सर्वांत योग्य ठरेल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यूंचा शब्बाथ असतो. बेने इस्रायलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत ते याच विश्रांतीच्या दिवसामुळे. त्यामुळे 2026 प्रमाणे ही तारीख शनिवारी आली तर कार्यक्रम रविवारी ठेवावा. पुण्यामुंबईहून त्या समाजातील कोणी पाहुणे येणार असतील, तर वल्हांडण (पासओव्हर) हा ज्यूंचा सण याच सुमारास येतो, हे लक्षात ठेवून त्यांना खाण्यापिण्याचे आधी विचारून घ्यावे. एरवी उप्पीट, कुंदा आणि चहा पुरेसा आहे.

मंचावर छायाचित्र ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्याला कुंकू लावणे, आरती ओवाळणे किंवा नारळ वाढवणे टाळावे, कारण ज्यू धर्मात प्रतिमेची पूजा नाही. मृतांच्या स्मरणार्थ एक दिवा किंवा मेणबत्ती लावण्याची रीत त्यांच्यात आहे, तेवढीच पाळावी.

परिचयाच्या भाषणाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. अशा भाषणांत ‘पहिल्या महिला’ हे बिरूद इतक्यांदा उच्चारले जाते की त्या व्यक्तीने नेमके काय केले हे सांगायचेच राहून जाते. लंडनला जाऊन त्यांनी 1919 साली प्रसूती आणि स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. केले, 1928 ते 1947 या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली, एवढे सांगितले तरी पुरे. त्या धार्मिक बाबतीतही सुधारक होत्या आणि 1925 साली मुंबईत उदारमतवादी ज्यूंची ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, हे मात्र वगळू नये. सामाजिक न्यायाची त्यांची कल्पना दवाखान्याच्या भिंतींपुरती नव्हती, हे त्यातून श्रोत्यांना कळते.

खरा वेळ त्यांच्या एका कामाला द्यावा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1941 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणात बाई दगावली की ‘नशीब’ म्हणून विषय मिटवला जाण्याच्या काळात, प्रत्येक मृत्यूमागे शोधता येण्याजोगे कारण असते असे गृहीत धरणे हीच मोठी गोष्ट होती. म्हणून कार्यक्रमाच्या दोन महिने आधीपासून शाळेतील मोठी मुले, महिला मंडळाच्या सदस्या आणि आशा कार्यकर्त्या यांचा एक गट करून गावातील वृद्ध स्त्रियांकडून जुन्या बाळंतपणांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात, आणि अशी नोंद हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग ठेवावा.

प्रश्न साधे असावेत. सुईण कोण होती, नाळ कशाने कापली, वार पडायला वेळ लागल्यावर काय केले, रक्तस्राव, ताप किंवा आकडी आली तेव्हा दवाखान्यात न्यायचे कोणी ठरवले, वाहन कुठून आणले आणि तिथे पोहोचल्यावर उपचार किती वेळाने सुरू झाले, हे विचारावे. शेवटचे तीन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत, कारण निर्णयातला उशीर, वाटेतला उशीर आणि दवाखान्यातला उशीर हे एकमेकांपासून वेगळे काढले नाहीत तर उपायही सापडत नाही. खानापूर तालुक्यातील भीमगड जंगलातील वाड्यांवर पावसाळ्यात वाटेतला उशीर भारी पडतो, तर निपाणीच्या विडी कामगार वस्तीत रस्ता दारात असूनही दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. अशक्तपणा आणि रक्तक्षय यांविषयी दोन्हीकडे विचारावे.

ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे गटाने जाऊ नये. ओळखीच्या एकाच स्त्रीने जावे, आधी परवानगी घ्यावी आणि नको म्हटल्यास तिथेच थांबावे. सभेत वाचून दाखवताना मृत स्त्रीचे, घराचे, डॉक्टरचे किंवा दवाखान्याचे नाव घेऊ नये. गरोदरपणात किंवा बाळंतपण वा गर्भपातानंतरच्या 42 दिवसांत गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू आरोग्य खात्याच्या व्याख्येत मातामृत्यू ठरतो आणि त्याची कारणमीमांसा करण्याची शासकीय पद्धत आहे. अलीकडील घटना कळली तर ती सभेत न मांडता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नोंदवली गेली आहे का, हे आशाताईंमार्फत पाहावे.

वाचनानंतर उपकेंद्रातील परिचारिकेला बोलण्यास सांगावे आणि उपस्थित गरोदर स्त्रियांची तायी कार्डे (कर्नाटकात गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदीसाठी मिळणारी कार्डे) तिथेच तपासून घ्यावीत. जमलेल्या नोंदींची नावे वगळलेली एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. मूळ वह्या मात्र सांगणाऱ्या स्त्रियांची संमती असेपर्यंतच मंडळाच्या कपाटात राहू द्याव्यात आणि कोणी मागितल्यास तिचे पान तिला परत द्यावे.