‘सेकिगाहारा’ खेळताना या चुका टाळा

‘सेकिगाहारा’ या पटावरच्या युद्धखेळात फासे नाहीत. त्यामुळे नवा खेळाडू पटावरचे सैन्याचे ठोकळे मोजतो, आपले जास्त दिसले की चढाई करतो आणि तोंडावर आपटतो. जीएमटी गेम्सच्या या दोघांच्या खेळात जपानमधली १६०० सालची तोकुगावा इएयासू विरुद्ध इशिदा मित्सुनारी ही मोहीम आहे. ठोकळा लढाईत उतरवायचा तर त्याच्या घराण्याचं चिन्ह असलेला पत्ता हातात हवा. तो नसेल तर भलीमोठी फौजही नुसती बघत उभी राहते. म्हणून आधी हातातले पत्ते बघा, मग पट.

सर्वांत महागात पडतं ते एखाद्या घराण्याचा शेवटचा पत्ता लढाईत टाकणं. समोरच्याने निष्ठा तपासणारा पत्ता काढला, तर त्याच घराण्याचा आणखी एक पत्ता तुम्हाला हातातून दाखवावा लागतो. नसला, की ठोकळा त्या लढाईपुरता फितूर होऊन तुमच्यावरच उलटतो. नियम जाचक वाटतो खरा, पण इतिहासाला धरून आहे. २१ ऑक्टोबर १६०० रोजी मात्सुओ डोंगरावर तळ ठोकून बसलेला इशिदाच्या बाजूचा सरदार कोबायाकावा हिदेआकी ऐन सेकिगाहाराच्या लढाईत इशिदाच्याच पक्षावर तुटून पडला होता. तेव्हा जोडीचा पत्ता नसेल तर तो ठोकळा शक्यतो मागेच ठेवा.

चांगल्या संधीसाठी पत्ते साठवत बसू नका. डाव आठवड्यांत विभागलेला असतो आणि नव्या आठवड्याच्या सुरुवातीला हातातले निम्मे टाकावेच लागतात. मात्र ते चालींवरही उधळू नका. लढाईत वापरलेल्या पत्त्यांच्या जागी लढाई संपताच नवे मिळतात, चालीसाठी टाकलेल्यांच्या जागी नाही. माझ्या मते बिचकून लढाई टाळणाऱ्यांचं खरं नुकसान इथेच होतं.

एकाच घराण्याचे ठोकळे एकत्र लढले तर जादा बळ मिळतं, त्यामुळे खिचडी फौज टाळा.

तोकुगावाकडून खेळताना वाटेतला प्रत्येक किल्ला घेण्याचा मोह आवरा. इएयासूचा मुलगा हिदेतादा उएदा किल्ल्याच्या वेढ्यात सानादा घराण्याशी झुंजत राहिला आणि सुमारे ३८,००० सैन्य असूनही मुख्य लढाईला पोहोचलाच नाही.

आणि डाव अचानक, अर्ध्यातच हरत असाल तर सेनापती कुठे उभे करता ते तपासा. इएयासू मेला की तोकुगावाचा खेळ तिथेच संपतो. इशिदाला तर दोन जीव सांभाळायचे असतात: स्वतःचा आणि ओसाकाच्या किल्ल्यातल्या बालवारस तोयोतोमी हिदेयोरीचा. सगळी फौज पूर्वेला धाडून ओसाका उघडं टाकणं ही इशिदाकडून खेळणाऱ्यांची नेहमीची खोड.